घेतला म्हटल्याशिवाय उचलू नये

२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी नव्या कामावर रुजू झालो. साडेनऊला किल्ल्यांचा जुडगा हातात मिळाला. दालनाचं कुलूप दोनदा अडलं, तिसऱ्यांदा उघडलं, आणि आत पाऊल टाकण्याआधी मी सवयीने चपला काढल्या. झाडलोट करणाऱ्या मावशी मागून येत होत्या, त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, देऊळ आहे का हे, फरशीवर काचा असतात, घाला त्या परत. घातल्या. पण हात मात्र जोडले. इतक्या माणसांचं काही ना काही इथे ठेवलेलं आहे, त्यांचा तेवढा मान राखायला हवा.

हे वैद्यकीय महाविद्यालयाचं जुनं संग्रहालय. उंच खिडक्या, शिसवी कपाटं आणि तीनशे बारा बरण्या. बरण्यांमधलं औषधी पाणी कमी झालं की भरायचं, झाकणं तपासायची आणि जुन्या नोंदवह्या कसरीने खाण्याआधी स्वच्छ अक्षरात उतरवून काढायच्या, एवढं माझं काम. छापखाना बंद पडल्यावर पन्नाशीच्या तोंडावर दुसरी नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. गावच्या शाळेत गुरुजींनी छडीने घडवलेलं अक्षर आज कामी आलं. देवाची कृपा.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, मी जन्मभर बरण्या भरल्या, मला कोणी छदाम दिला नाही, तुम्हाला मात्र पगार. किती दिवसांनी इतकं हसलो दोघं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

विभागप्रमुख मॅडमनी काम समजावून दिलं. बाई तडफदार, पण शिकवण्याची हौस मोठी. सर्वांत जुन्या बरण्यांना काचेचं झाकण नाही. तोंडावर कातड्याचा पडदा ताणून बसवलेला आहे, वर लाखेचा लेप. रोज सकाळी प्रत्येक पडदा अंगठ्याने हलकेच दाबायचा. दबून वर आला तर ठीक, खळगा तसाच राहिला तर हवा जाते आहे असं समजायचं. अशा एकोणसाठ बरण्या आहेत. सगळ्या दाबून होईपर्यंत सकाळचे दहा वाजतात. जप केल्यासारखं वाटतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज धमन्यांचं कपाट उघडलं. मॅडमनी सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नोंदी उतरवताना चुकणार नाही.

रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते. रक्तदाबाने, वयाने, वर्षानुवर्षं विडी ओढल्याने, कधी मार लागून, कधी आईबापाकडून आलेल्या दोषाने, आणि जुन्या काळी पुष्कळदा गुप्तरोगानेही. मग सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसा तिथे फुगा धरतो. दुखेलच असं नाही. माणूस चालतो, जेवतो, भांडतो, आणि फुगा वाढत असतो. एक दिवस फुटतो.

पूर्वीचे उपाय वाचून अन्न गोड लागेना. रोग्याला महिनोन् महिने हलू न देता पाठीवर झोपवून ठेवत. रक्ताचा जोर कमी व्हावा म्हणून रक्त काढत, मूठभर अन्नावर ठेवत. फुग्यात सुई खुपसून हातभर लांब तार आत सोडत, तारेभोवती रक्त गोठून फुगा भरावा म्हणून. सर्वांत धीट वैद्य फुग्याच्या वर धमनी दोऱ्याने बांधून टाकत. कधी पाय वाचायचा, कधी काळा पडायचा. एका बरणीवर एवढंच लिहिलं आहे: ‘गळू समजून चिरले.’

९ फेब्रुवारी, सोमवार

एक गंमत लिहितो. बरणी क्रमांक एक्केचाळीस, गुडघ्यामागचा फुगा, लिंबाएवढा. पडदा दाबला तर अंगठ्याखाली ठोका लागला. टक, टक. दचकून मॅडमना बोलावलं. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, पहिल्या वर्षाला सगळे हीच चूक करतात, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, अंगठ्याने कुणाचीही नाडी पाहू नये, खुर्चीची पाहिली तरी खुर्ची जिवंत निघेल. नाडी नेहमी तीन बोटांनी पाहायची.

मावशींनी लगेच बातमी मजलाभर फिरवली. चहावाला मला वैद्यबुवा म्हणू लागला आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज एक्केचाळीसवर तीन बोटं ठेवली.

ठोका आहे.

माझी नाडी दुसऱ्या हाताने धरून घड्याळाशी मोजली. माझे ठोके ब्याऐंशी. बरणीचे चौसष्ट.

नोंदवहीत ओळखीची एक खूण दिली आहे. सुजेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवावेत. सूज नुसती उडत असेल तर हात वर-खाली होतील. ती धमनीचीच असेल तर प्रत्येक ठोक्याला हात एकमेकांपासून दूर ढकलले जातील. मी काचेच्या दोन्ही बाजूंना तळवे लावले. काच थंड होती. तळवे दूर सरकले. जवळ आले. दूर सरकले.

मॅडमना सांगितलं नाही. पुन्हा हसतील म्हणून नव्हे. हसल्या नाहीत तर काय करायचं, म्हणून.

११ फेब्रुवारी, बुधवार

ही काही दिवसांपासून म्हणत होती, पोटात काहीतरी उडतं, आडवं पडलं की जास्त. मी म्हणायचो, वात असेल. आज सकाळी निघण्याआधी तिला झोपायला सांगितलं आणि बेंबीच्या वर दोन्ही बाजूंना हात ठेवले. ती म्हणाली, या वयात काय चाळे चाललेत तुमचे.

माझे हात दूर ढकलले गेले.

हिचे वडील पोटात कळ येऊन तासाभरात गेले होते. कारण कुणालाच कळलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्या पोटाचं सांगताच मॅडमनी ओळख काढून आजच्या आज सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन करून घेतला. पोटातल्या मुख्य धमनीचा फुगा. पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर. सर्जन शांत माणूस. म्हणाले, आता तार नाही, उपासमार नाही, वरून चिमटा लावायचा, मधला तुकडा बदलायचा, पुष्कळ लोक बरे होऊन घरी जातात. हिचा रक्तदाब आधी ताब्यात यायला हवा, म्हणून तारीख चोवीस. तोवर उचलायचं नाही, वाकायचं नाही, घाबरायचं नाही. ही म्हणाली, पहिली दोन जमतील.

रिक्षात माझा हात घट्ट धरून होती. म्हणाली, मला आत नेतील तेव्हा तुम्ही तिथे असा, एवढंच मागते, बाकी देव बघेल.

असेन म्हणालो. का नसेन?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक्केचाळीसची नोंद सापडली. वहीची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पानं.

रोगी हमाल, वय अडतीस. पाठीवर ओझं घेऊन तीस वर्षं जिने चढलेला. गुडघ्यामागे उडणारी सूज. डॉक्टरांनी चिरफाड टाळून अंगठ्याचा उपाय ठरवला. जांघेत धमनी हाडावर दाबून धरायची, म्हणजे फुग्यात रक्त मंद होऊन गोठतं आणि फुगा भरून निघतो. दाब क्षणभरही सुटता कामा नये. म्हणून मदतनिसांच्या पाळ्या लावलेल्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. वर नियम लिहिला आहे: ‘आधीच्या अंगठ्यावर नवा अंगठा ठेवावा. नव्याने घेतला म्हटल्याशिवाय जुन्याने उचलू नये.’

पुढे पानभर सह्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द. घेतला. घेतला. घेतला. डॉक्टरांनी आधी इस्त्रीसारखं लोखंडी यंत्र लावून पाहिलं होतं. त्यापुढे शेरा: ‘रोगी यंत्र सोसत नाही. माणसाचा अंगठा मागतो.’

१६ फेब्रुवारी, सोमवार

एक्केचाळीसमधला फुगा मोठा झाला आहे. लिंबाएवढा होता, आता संत्र्याएवढा. काचेला टेकू लागला आहे.

आज एक गोष्ट केली. घरी फोन लावला, हिला म्हटलं पोटावर बोटं ठेव आणि प्रत्येक ठोक्याला हं म्हण. ती म्हणाली, हं म्हणायला मला काय झालंय, दिवसभर तेच करते. पण मोजू लागली. हं. हं. हं. माझी बोटं बरणीवर.

प्रत्येक हं बोटांखाली लागला. एकही पुढे-मागे नाही.

मग मी अंगठा ठेवला आणि पडदा खाली दाबला. बरणीतला ठोका मंदावत मंदावत थांबला. फोनवर ती गप्प झाली. मग म्हणाली, अहो, शांत झालं हो, उडायचं थांबलं, तुम्ही काय देवाला सांगितलंत काय?

मी अंगठा काढला नाही. पाच वाजेपर्यंत काढला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल जाताना पडद्यावर पितळी वजन ठेवून वर फडकं बांधलं होतं. सकाळी वजन टेबलावर होतं. फडकं घडी करून शेजारी. कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे.

ही म्हणाली, घरी आलात तेव्हापासून परत उडायला लागलं.

यंत्र सोसत नाही. माणसाचा अंगठा मागतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून दाबून बसलो होतो. अकराच्या सुमारास मॅडमनी बोलावणं धाडलं, सही हवी होती. मावशींना विनवलं, एवढा अंगठा इथे ठेवा, मी येईपर्यंत उचलू नका. त्या म्हणाल्या, वैद्यबुवा, तुमचं डोकं फिरलंय, पण ठेवते बाई. त्यांना ठोका लागला नाही. तरी ठेवला.

वीस मिनिटांनी परत आलो तर मावशी कपाटावर झाडू मारत होत्या. म्हणाल्या, जाळं दिसलं, तेवढं काढलं, मिनिटभराचा तर प्रश्न.

तेव्हाच फोन वाजला. शेजारीण बोलत होती. ही ओट्यापाशी कळ येऊन बसली होती. घामाने भिजलेली.

धावत गेलो. पुन्हा स्कॅन. सहा पूर्णांक सात. सर्जन म्हणाले, इतक्या कमी दिवसांत इतकं वाढत नाही. जवळच्या नातेवाइकाला बोलावून घ्या म्हणाले, पण तारीख अलीकडे घेता येत नाही, रक्तदाब फार वर आहे.

मावशींची काय चूक? एक मिनिट.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा बरणीवर आहे.

परवा स्कॅननंतर इथे परतलो, तेव्हापासून घरी गेलो नाही. मॅडमना सांगितलं, नोंदी संपवायच्या आहेत. त्यांनी खुर्चीवर उशी ठेवून दिली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मावशी डबा आणतात, घास भरवू का विचारतात, वर शिव्याही देतात.

मेव्हणा हिच्याजवळ आला आहे. फोनवर म्हणाला, दाजी, ताई इथे जीव मुठीत धरून बसलीय आणि तुम्ही मेलेल्यांना पाणी पाजताय, माणूस आहात की बरणी? खरं आहे त्याचं.

तिला फोन दिला. ती चिडली नाही. म्हणाली, दोन दिवस झाले, मुळीच उडत नाही. जेवलात का?

अंगठा दिसेनासा झाला आहे. म्हणजे दिसतो, पण माझा वाटत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

डाव्या हाताने पानं उलटून शेवटची पाळी वाचली.

एक्केचाळीस तास झाले होते. सूज घट्ट होत आली होती. शेवटची सही कंपाउंडरची. त्याच्या ‘घेतला’मधल्या ‘घ’ला गळासारखं टोक आहे. त्यानंतर रकाना रिकामा. पुढचा माणूस आलाच नाही. सहा तास कोणी आलं नाही.

खाली त्याच अक्षरात लिहिलं आहे: ‘मी हात उचलला तेव्हा रोगी जागा होता. त्याला मान वळवता येत नव्हती. त्याने विचारले, कोण आले? मी म्हणालो, आले आहेत. तो बरे म्हणाला आणि डोळे मिटले. दारापर्यंत पोचलो तेव्हा आवाज झाला.’

बस. एवढंच.

देवा, माझ्यानंतर कोण? तीन दिवस उरले आहेत. मी झोपलो तर?

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपार. खिडकीतून ऊन येतं आहे. डुलकी लागत होती. मान पडली, अंगठा सैल झाला —

आणि वरून कुणीतरी दाबला.

माझ्या अंगठ्यावर अंगठा. थंड. औषधी पाण्याचा वास. रुंद नख आहे असं जाणवतं. दिसत काहीच नाही. शेजारी कोणी नाही. पण वजन आहे. माझी पकड सैल झाली की त्याची घट्ट होते.

मी नाव घेत राहिलो, देवाचं. तो गेला नाही.

घेतला म्हणत नाही. नुसता ठेवून आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिला समोरच्या इमारतीत दाखल केलं. दुसरा मजला. इथल्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसते. मेव्हण्याने तिला धरून उभं केलं. तिने हात हलवला. मी डावा हलवला.

फोनवर म्हणाली, उद्या नऊला नेणार. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, घाबरू नका, रक्तदाब चढला तर टेबलावरच — मग म्हणाली, अहो, मला कळतंय तुमचं तिथे काहीतरी चाललंय. विचारत नाही. पण आत जाताना तुमचा हात हवा. नसला तर मी घाबरेन. खरंच घाबरेन हो.

घाबरली तर दाब चढेल. दाब चढला तर —

इथून उठलो तर —

अंगठा अजून माझ्या अंगठ्यावर. कालपासून आहे. ढळला नाही. माझ्याहून घट्ट आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सात वाजले. ठोका जोरात आहे. दोघांच्या दाबाखालीही लागतो. काचेला तडा गेला आहे, केसाएवढा.

साडेसात. मेव्हण्याचा फोन. दाजी, ती दाराकडे बघून बसलीय. दाब एकशे नव्वद. सर्जन म्हणतात कमी झाला नाही तर नेता येणार नाही. पाया पडतो, या. रडत होता तो. मला माणूस की बरणी विचारणारा.

दाबून धरूनही तिचा दाब चढतो आहे. म्हणजे इथे बसून उपयोग —

आठ. वही उघडी होती. रिकाम्या रकान्यात शाई. ओली आहे. बोटाला लागली.

घेतला.

‘घ’ला गळ आहे.

तोच. हमालाला आले आहेत म्हणून सांगून उठलेला. त्याच्या हाती हिचा जीव कसा देऊ? एकदा उचललेला हात तो.

आठ दहा. पण सहा तास तोही एकटाच होता. माझ्यासारखाच. कोणी आलं नाही. मावशी जाळं काढायला उठल्या, तो कशाला उठला कोण जाणे. इतकी वर्षं इथे उभा आहे. कुणाच्या तरी अंगठ्यावर अंगठा ठेवायला. त्याला एकदा धरून ठेवायचंच असेल. असेल ना? देवा, तू क्षमा करतोस ना सगळ्यांना? मग त्यालाही —

नसेल तर?

फोन वाजतो आहे. पुन्हा.

आठ वीस. विचारलं. मोठ्याने विचारलं, रिकाम्या दालनात. उचलणार नाहीस ना? अंगठ्यावरचं वजन वाढलं.

ती घाबरली आहे. ते माझ्या हातात आहे. हे नाही. हे कधीच —

आठ पंचवीस. हे उजव्या हाताने लिहितो आहे. अंगठा काळानिळा, वाकत नाही, अक्षर वेडंवाकडं. पण उजवा आहे.

उचलला.

पडद्यावरचा खळगा तसाच आहे. कोणी नाही आणि खळगा आहे. खोल. ठोका लागत नाही. त्याने धरलं आहे. धरलं आहे. चपला पायात आहेत, दारापाशी उभा आहे, पाचच मिनिटांत तिच्याजवळ पोचेन, तिचा हात धरेन, मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण एकदाच पाहिलं. खळगा आहे. अजून आहे. कडेने किंचित वर —